निजायची खोली

श्रोतेहो, आज मी आपल्याशी एका साध्या विषयावर बोलणार आहे. विषय आहे आपल्या घरातली निजायची खोली, आणि ती आपल्या हातांनी दुरुस्त कशी करावी, हा.

आरंभी एक प्रश्न विचारतो. आपल्या घरातली सर्वांत चांगली ठेवलेली जागा कोणती? कुणी म्हणेल ओसरी, कारण तिथे पाव्हणा बसतो. कुणी म्हणेल देवघर. घरची बाई म्हणेल, माझं सैपाकघर बघा. निजायच्या खोलीचे नाव सहसा कुणी घेणार नाही. बियाण्याची पोती तिथे, मोडका पाळणा तिथे, फवारणीचा पंप तिथे, लग्नात आलेली भांडी तिथे. आणि या सगळ्यातून जी जागा उरते तिच्यात अंथरूण. माणूस दिवसाचे आठ तास झोपतो असे धरले, तर साठ वर्षांच्या आयुष्यातली वीस वर्षे तो या उरलेल्या जागेत काढतो. हा हिशोब मी शाळेत मुलांना अनेकदा घातला; पण स्वतःच्या घराला तो लावला नाही. तो लावायची पाळी कशी आली, ते आधी सांगतो.

माझे गाव सोलापूर जिल्ह्यात. घर आजोबांनी बांधलेले, माळवदाचे. भिंती दगडमातीच्या, हात-दोन हात रुंद. वर तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर माती. आई आता ऐंशीच्या घरात आहे. ती माजघराला लागून असलेल्या आतल्या खोलीत जमिनीवर निजते. दोन वर्षांमागची गोष्ट. श्रावणाचे दिवस, रात्रभर पाऊस लागलेला. सकाळी सूनबाई आईची गोधडी उचलायला गेली, तर गोधडीच्या घडीतून काळाभोर, अंगावर बारीक पांढऱ्या पट्ट्या असलेला साप घरंगळला आणि भिंतीच्या बुडाशी असलेल्या बिळात शिरला. मण्यार.

शेतात राहणाऱ्या मंडळींना मण्यार सांगायला नको. पण एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. नाग फणा काढतो, घोणस फुत्कारते. मण्यार रात्री हिंडते, मुकाट्याने अंथरुणात येते, आणि तिचा दंश बहुधा दुखत नाही, सुजत नाही. झोपलेल्या माणसाला तो कळतच नाही. पहाटे पोटात दुखते, घशाशी काही अडकल्यासारखे वाटते, पापण्या जड होऊन मिटू लागतात. घरचे म्हणतात, रात्री काही बाधले असेल. तेवढ्यात श्वास अडतो. तेव्हा पावसाळ्यात जमिनीवर निजलेल्या माणसाला पहाटे अशी लक्षणे दिसली, तर दंशाची खूण शोधत बसू नका. कापाकापी नको, दोरी आवळणे नको, मंत्रतंत्र नको. १०८ क्रमांकावर गाडी बोलवा नाहीतर मिळेल त्या वाहनाने इस्पितळ गाठा. औषध एकच, सर्पविषावरची लस. आणि ती वेळेवर मिळाली तर माणूस वाचतो.

त्या दिवशी आईला काही झाले नाही. पण मी त्या रात्री ओसरीवर जागा बसलो होतो, आणि मनात एकच विचार घोळत होता. जागा माणूस घर सांभाळतो. झोपलेला माणूस काहीच सांभाळू शकत नाही. त्याला ना कान, ना डोळे, ना हातपाय. त्याला घरानेच सांभाळले पाहिजे. मग ज्या खोलीत माणूस सर्वांत असहाय असतो तीच खोली आपण सर्वांत निष्काळजीपणे ठेवतो, याला काय म्हणावे?

जे त्याच दिवशी करण्यासारखे होते ते केले. आईला बाज दिली. बाजेवर मच्छरदाणी बांधली आणि तिच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचल्या. खोचलेली मच्छरदाणी डासही अडवते आणि सरपटणारा जीवही अडवते. पण कडा लोंबत्या राहिल्या, तर ती असून नसल्यासारखी. उशाशी विजेरी ठेवली. आणि दिवाळी झाल्यावर, पाऊस पुरता उघडल्यावर, मी, माझा पुतण्या आणि गावातले मिस्त्री असे तिघांनी खोली हातात घेतली. आई म्हणाली, "आरं, तुझ्या आज्यानं बांधलेली खोली हाय. कशाला उकरतोस?" मी म्हटलं, "आई, उकरत नाही. नीट करतो."

पहिले काम खोली रिकामी करण्याचे. श्रोतेहो, हे काम फुकट आहे आणि निम्मी दुरुस्ती यातच होते. आमच्या खोलीतून काय निघाले? ज्वारीची सहा पोती, खताची दोन, कीटकनाशकाच्या तीन बाटल्या आणि धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्यांची एक डबी. पोती असली की उंदीर आले, आणि उंदरामागे साप आला. साप आईसाठी आला नव्हता, तो ज्वारीवरच्या उंदरासाठी आला होता. आणि त्या गोळ्यांचे काय सांगू! हवेतल्या दमटपणाने त्यांतून विषारी वायू सुटतो. गोळ्या घातलेले धान्य ज्या खोलीत असेल तिथे माणसाने एक रात्रसुद्धा निजू नये; या वायूने बंद घरात माणसे दगावली आहेत. औषधे आम्ही घराबाहेर कुलपात ठेवली. धान्य पत्र्याच्या कणगीत घालून ओसरीवर नेले.

रिकामी खोली मग डोळ्यांनी वाचायची. भर दुपारी दार लावून आत उभे राहा. जिथून उजेडाची तिरीप येते तिथून कीडही येते. तिथे कोळशाने खूण करा. मग विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपी धरा. समोरून सपाट दिसणाऱ्या भिंतीचे फुगवटे तिरप्या उजेडात लगेच दिसतात. कुठे शंका आली तर ओळंबा सोडा. भिंतीने पोट सोडले असेल, किंवा ती बाहेर झुकली असेल, तर मात्र हात लावू नका. तुळईत पोगर टोचून बघा. लाकूड ठक्क वाजले तर जिवंत आहे, भसकन आत गेले तर वाळवीने खाल्ले आहे. अशा भिंतीचे, अशा तुळईचे काम घरचे नव्हे. पंचायत समितीतल्या बांधकामाच्या अभियंत्याला आणून दाखवा, आणि तोवर त्या खोलीत निजू नका.

दुरुस्ती वरून खाली करावी, हा गवंड्यांचा नियम. आधी छप्पर, मग भिंत, शेवटी जमीन. म्हणून आम्ही माळवदावर चढलो. दरवर्षी मृगाच्या आधी गळती लागू नये म्हणून आपण माळवदावर मातीचा नवा थर देतो. जुना कुणी काढत नाही. बापाने दिला, आजाने दिला, त्यावर आपण दिला. मिस्त्रींनी एका जागी उकरून पट्टी घातली, तर दीड फूट माती! गुरुजीमंडळींनी हे गणित मुलांना जरूर घालावे. खोली दहा फूट बाय बारा फूट. थर दीड फूट. म्हणजे एकशे ऐंशी घनफूट. एक घनफूट माती साधारण ४५ किलो धरा. गुणाकार येतो ८१००. म्हणजे ८१ क्विंटल! ज्वारीची ऐंशी पोती आईच्या डोक्यावर ठेवून आम्ही तिला इतकी वर्षे निजवत होतो. पावसात भिजलेली माती तर याहून जड.

हे ओझे काय करते, ते आपल्या भागाने पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन झालेले. गावे थकून निजलेली. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात जमीन हलली, आणि किल्लारी व आसपासच्या गावांत हजारो माणसे झोपेतच गेली. आमच्याही गावाला तो हादरा जाणवला होता. त्या माणसांना मारले ते जमिनीने नव्हे, घरांनी. दगडमातीच्या रुंद भिंतीला बाहेरून एक आणि आतून एक असे दोन पदर असतात, मध्ये कपच्या आणि चिखल. दोन्ही पदरांना बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड जर जागोजाग नसेल, तर हादऱ्याने पदर सुटतात, भिंत फुटते, आणि वरची सगळी माती खाली येते. जितके ओझे जास्त तितका हादऱ्याचा जोर जास्त. काही घरांत तुळया भिंतीवर न टेकता लाकडी खांबांवर टेकल्या होत्या आणि सांधे पक्के होते. तिथे भिंती ढासळूनही छप्पर उभे राहिले.

हे काम आम्ही अभियंत्याला विचारून केले. तुळया आधी तपासल्या. खोलीत कुणाला जाऊ दिले नाही. माती एका कोपऱ्यात ढीग न करता, दोन्ही बाजूंनी सारखी, थोडी थोडी काढून खाली उतरवली. थर वीतभर, म्हणजे नऊ इंच ठेवला. त्याच्या मध्ये जाड प्लॅस्टिकचा कागद घातला, म्हणजे गळतीसाठी पुन्हा माती चढवायला नको. निम्मी माती उतरली. चाळीस क्विंटल! आणि हो, उजेडासाठी माळवदाला ठेवलेले भोक कधीकाळी कुणीतरी बुजवले होते, तेही उघडले आणि त्यावर काच व जाळी बसवली.

आता भिंती. इथे मला माझीच चूक सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी पुतणीच्या लग्नात मी हौसेने या खोलीच्या मातीच्या भिंतीला छातीइतक्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा केला आणि वर हिरवा तैलरंग दिला. आठ दिवस खोली शहरातल्यासारखी दिसली. दोन पावसाळ्यांत गिलाव्याला फुगे आले. कारण असे, की मातीची भिंत जमिनीतले पाणी शोषते आणि हवेत सोडते. ती श्वास घेते म्हणा ना. तिच्यावर सिमेंट आणि तैलरंग फासला की ओल आत कोंडते. गिलावा भिंतीपासून सुटतो, मागे पोकळी होते, पोकळीत वाळवी येते. या वेळी आम्ही तो गिलावा उकलला, तेव्हा मागे हात जाईल एवढी पोकळी होती, आणि मण्यार शिरली ते बीळ त्याच पोकळीत उघडत होते. म्हणजे सापाला दार मीच करून दिले होते. मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, भिंतीला टेरिलिनचा सदरा घातला तुम्ही. घाम कुठनं जाणार?"

जुना तैलरंग खरवडताना एक जपा. पूर्वीच्या अनेक रंगांत शिसे असे, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत नव्वद भागांहून अधिक नसावे, असा नियम केंद्र सरकारने २०१६ साली केला. पण आपल्या भिंतीवरचा रंग त्याआधीचा असू शकतो. म्हणून तो कोरडा घासू नका. पाणी मारून, नाकातोंडाला फडके बांधून ओलाच खरवडा, आणि पोपडे गोळा करून मुलांपासून, गुरांपासून दूर टाका.

ओल आतून जात नाही, ती बाहेरून घालवावी लागते. आमच्या मागच्या अंगणात वर्षानुवर्षे मुरूम टाकून अंगण उंच झाले होते आणि खोलीची जमीन खाली राहिली होती. पाणी भिंतीशीच मुरत होते. पुतण्याने दोन दिवस खपून भिंतीलगतचा भराव काढला, उतार बाहेरच्या बाजूला दिला आणि पन्हळीचे पाणी दूर नेले. हे झाल्यावर मगच आत मातीचा गिलावा.

गिलाव्याला माती कोणती? आपले पूर्वज शेताला काळी आणि गावाला पांढरी म्हणत, ते उगीच नव्हे. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. पीक घ्यायला ती उत्तम, भिंतीला ती नको. मातीची परीक्षा शाळेत करता येते. काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती घाला, बाकी पाणी, चिमूटभर मीठ. खूप हलवा आणि एक दिवस ठेवा. तळाशी वाळू, त्यावर गाळ, सर्वांत वर चिकणमाती असे थर बसतात. चिकणमातीचा थर फार जाड असेल तर वाळू मिसळा. आम्ही पांढरी माती, वाळू आणि गव्हाचा भुसा एकत्र तुडवून गारा चार दिवस भिजत ठेवला. आधी हातभर जागेवर लावून पाहिला. वाळल्यावर भेग पडली नाही, तेव्हा सबंध भिंतीला लावला.

गिलावा पुरता वाळल्यावर चुना. कळीचा चुना विझवताना फार सांभाळा. पाण्यात पडताच तो उकळतो आणि उडतो. एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात चुना थोडा थोडा सोडा. चुन्यावर पाणी कधी ओतू नका. डोळ्यांना चष्मा हवा, मुले दूर हवीत. चुकून डोळ्यात गेलाच, तर स्वच्छ पाण्याने सतत धुवत राहा आणि दवाखान्यात जा. विझलेला चुना दोन-तीन दिवस मुरू द्या, फडक्यातून गाळा आणि दुधासारखा पातळ करा. थोडा भिजवलेला डिंक घातला की हाताला लागत नाही. भिंत आधी पाण्याने ओली करायची; पहिला हात उभा, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा उभा. ओला असताना काहीच दिसत नाही, म्हणून लोक दाट देतात आणि मग पोपडे पडतात. धीर धरा. सकाळी तो आपोआप पांढरा होतो. यात एक गंमत आहे: भट्टीत चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि चुना होतो, भिंतीवर तोच वायू हवेतून परत घेऊन चुना पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे आपण भिंतीला दगडाचा पातळ पापुद्राच चढवतो.

खिडकी आम्हाला नवी पाडावी लागली नाही. जुनी होती, तिच्यापुढे फडताळ उभे होते! फडताळ हलवले, खिडकीला डासांची जाळी ठोकली; आता दार, खिडकी आणि वरचा झरोका यांतून हवा खेळते. नवी खिडकी पाडायची असेल तर भिंतीच्या कोपऱ्याजवळ पाडू नका, आणि जाणकाराला विचारल्याशिवाय तर मुळीच नको. फडताळ भिंतीला पट्टीने जखडले आणि बाज त्याच्या पडछायेतून दूर ठेवली. विजेची जुनी वायर मात्र वायरमनकडूनच बदलून घेतली. तिथे हौस कामाची नाही.

शेवटी जमीन. बिळांत दगड आणि काचेचे तुकडे ठासून सिमेंटने बंद केली. जमिनीवर मुरूम चोपला, वर सारवण केले. दाराखाली तीन बोटे फट होती, तिला लाकडी पट्टी मारली. थंडीत आई शेगडी आत घ्यायची; ती आता बाहेरच विझते. बंद खोलीत निखारे ठेवले की वास नसलेला विषारी वायू साठतो, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो.

या सगळ्याला पंधरा दिवस लागले. हात आमचे, मिस्त्रींची मजुरी, चुना, जाळी आणि वायर एवढाच पैसा गेला. "घर पाहावे बांधून" म्हणतात, ते खरेच. पण बांधलेले घर पुन्हा एकदा पाहावे, हेही तितकेच खरे.

गुरुजनांना एक विनंती. मुलांना एक दिवस घरचा अभ्यास असा द्या: 'मी जिथे निजतो ती जागा.' पाच प्रश्न पुरेत. डोक्यावर काय आहे? उशाशी काय ठेवले आहे? हवा कुठून येते? भिंतीत, जमिनीत बीळ आहे का? रात्री उठून दारापर्यंत अडथळ्याशिवाय जाता येते का? मुलाने वहीत लिहिलेले उत्तर बापाच्या नजरेस पडेल, आणि मग पोती आपोआप हलतील.

पहिल्या रात्री आईने खोलीत पाऊल टाकले, वर पाहिले, भिंतीवरून हात फिरवला. काही बोलली नाही. बाजेवर बसून मच्छरदाणीच्या कडा तिने स्वतःच खोचल्या. सकाळी मी विचारले, "झोप लागली का?" ती म्हणाली, "लागली की. पर तू का रात्रभर दाराशी बसला हुतास? जा, आता तू नीज."

श्रोतेहो, आज रात्री अंथरूण टाकण्यापूर्वी दिवा हातात घेऊन आपली निजायची खोली एकदा नीट पाहा, एवढेच माझे सांगणे.